महाविद्यालयाच्या संस्थात्मक विकास आराखड्यात ‘संस्थात्मक ज्ञान’ या भागासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

सॉफ्टवेअरचे आधी सांगून टाकतो: कोणतेही घ्या. गूगल ड्राइव्हवर नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या) सात निकषांची सात फोल्डरे करून त्यांत नियमाने कागद ठेवणारे महाविद्यालय मी पाहिले आहे, आणि महागडे ईआरपी (संस्थेचा सारा कारभार एकत्र चालवणारे सॉफ्टवेअर) घेऊन प्रवेश व शुल्क यांपलीकडे काहीही न उघडणारेही पाहिले आहे. मात्र ‘आराखडा सल्लागाराकडून करून घेणार आहोत, आम्हाला फक्त माहिती भरायची आहे’ असे आपण पुढे लिहिले आहे, ते वाचून एवढ्यावर थांबवले नाही.

आमच्या अनुदानित महाविद्यालयात मी आयक्यूएसीचा, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचा, समन्वयक होतो. नॅकच्या २०१७ च्या सुधारित पद्धतीत सहाव्या निकषाला (कारभार, नेतृत्व व व्यवस्थापन) १०० गुण होते आणि संस्थेचा व्यूहात्मक आराखडा अमलात येतो का, हेही त्यातच विचारले जाई. म्हणून संस्थेच्या तत्कालीन सचिवांनी बाहेरच्या सल्लागाराकडून पाच वर्षांचा आराखडा करून घेतला. गुळगुळीत कागदावर छापलेल्या त्या दस्तऐवजात ‘किनारपट्टीवरील मच्छीमार कुटुंबांतील विद्यार्थ्यांसाठी विशेष उपक्रम’ असे एक उद्दिष्ट होते. आमचा तालुका दुष्काळी. समुद्र पाहायचा तर सहल काढावी लागते. मी दाखवून दिल्यावर तेवढे वाक्य गाळले गेले, बाकी सारे तसेच राहिले.

‘सहायक प्राध्यापकांची सर्व रिक्त पदे दोन वर्षांत भरणे’ हे त्यातले पहिले उद्दिष्ट होते. अनुदानित महाविद्यालयात पद भरणे म्हणजे काय, हे आपणांस सांगायला नको. आमची बिंदुनामावलीची (कोणते पद कोणत्या आरक्षण प्रवर्गाचे, हे दाखवणारी) नोंदवही ज्या मुख्य लिपिकांनी वर्षानुवर्षे सांभाळली, ते नेमके त्याच वर्षी निवृत्त झाले. नोंदवही कपाटात होती, अक्षर सुवाच्य होते. पण एका बिंदूसमोर लाल शाईने ‘अनुशेष पुढे ओढला, पत्र पाहावे’ एवढेच लिहिलेले होते; अनुशेष म्हणजे न भरलेली आरक्षित पदे. कोणते पत्र, कोणत्या वर्षाचे, त्याचा जावक क्रमांक काय, हे कोणालाच ठाऊक नव्हते. नवा लिपिक बारनिशीची (आवक-जावक पत्रांची) जुनी रजिस्टरे चाळत बसला, बिंदुनामावली तपासणाऱ्या मागासवर्ग कक्षाकडून पदभरतीचा प्रस्ताव त्रुटी लागून परत आला, आणि तोवर शासनाने पदभरतीवर निर्बंध घातले. अखेर निवृत्त लिपिकांच्या घरी माणूस पाठवला, तेव्हा ते पत्र एका जुन्या न्यायालयीन प्रकरणाच्या फायलीत लावलेले आहे, हे त्यांनी बसल्या जागी सांगितले.

शिक्षकेतर लिपिक ५८ व्या वर्षी निवृत्त होणार, हे त्याच्या सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावरील जन्मतारखेवरून रुजू झाल्या दिवशीच कळते. आमच्या मुख्य लिपिकांच्या जागी येणाऱ्याला सहा महिने आधी शेजारी बसवावे, असे मी लेखी सुचवले होते. ‘माणसे येतात-जातात, सिस्टीम राहते,’ असे सचिवांनी सभेत सर्वांसमक्ष ऐकवले. हे म्हणणे तेव्हाही चूक होते आणि आजही चूकच आहे. विचारवंत मायकेल पोलान्यी यांची अव्यक्त ज्ञानाची, म्हणजे माणसाला येते पण शब्दांत पुरते मांडता येत नाही अशा ज्ञानाची, कल्पना व्यवस्थापनाचे अभ्यासक इकुजिरो नोनाका यांनी कंपन्यांच्या कामकाजाला लावून दाखवली. असे ज्ञान सोबत काम करता करताच एकाकडून दुसऱ्याकडे जाते, हे त्यांचे निरीक्षण आमच्या कार्यालयाला अक्षरशः लागू पडत होते.

संलग्नित महाविद्यालयाचा अभ्यासक्रम विद्यापीठाचे अभ्यास मंडळ ठरवते, पदे शासन मंजूर करते, आणि नवा अभ्यासक्रम सुरू करायचा तर महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणे तो विद्यापीठाच्या बृहत् आराखड्यात (कोठे कोणती महाविद्यालये व अभ्यासक्रम हवेत, याच्या योजनेत) बसावा लागतो. स्वतः ठरवण्याजोगे उरते ते थोडेच: काय सुरू करायचे नाही, काय बंद करायचे, हातातला पैसा ग्रंथालयावर घालायचा की कमानीवर. एवढे ठरवण्यासाठीही आधीचे प्रयत्न का फसले, हे माहीत असावे लागते. आमच्या आराखड्यात सायंकालीन अभ्यासक्रम सुचवला होता. तो पूर्वी एकदा सुरू होऊन बंद पडला होता, कारण शेवटची एसटी लवकर सुटे आणि मुलींना घरचे थांबू देत नसत. इतिवृत्तात मात्र ‘चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर’ यापलीकडे अवाक्षर नव्हते.

तेव्हा यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आराखडा जरूर करा. पण पुढील पाच वर्षांत कोण कोण निवृत्त होणार, त्यांच्या हाती कोणती कामे आहेत आणि ती कोण शिकून घेणार, याचा तक्ता त्यात प्रथम घाला. इतिवृत्तात फेटाळलेले पर्याय कारणांसह लिहा. तासिका तत्त्वावरील (तासांप्रमाणे मानधन घेणारे) शिक्षक सत्र संपताच कार्यमुक्त होतात. त्यांची अध्यापनाची टिपणे आणि प्रकल्पांच्या नोंदी त्याआधीच विभागाकडे जमा करून घ्या.

हे सारे अनुदानित संलग्नित महाविद्यालयांपुरते आहे. स्वायत्त संस्थांना मोकळीक अधिक असते. सगळे सल्लागार दुसरीकडचा आराखडा उतरवून देत नाहीत, हेही मान्य. आणि काही लिपिक आपले महत्त्व टिकावे म्हणून माहिती मुद्दाम दाबून ठेवतात, हे सचिवांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. परंतु तसे असेल तर शेजारी माणूस बसवण्याची गरज वाढतेच, आणि त्यासाठी लागणारे मानधन सल्लागाराच्या बिलापेक्षा बहुधा कमी भरते. दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडून महाविद्यालय विकास समितीपुढे ठेवा.