परदेशी भाडेकरूचा फॉर्म सी भरला नाही, आता पोलीस विचारायला आलेत

सागरमाळच्या एका काकांचा प्रश्न आलाय, नाव देत नाही. शिवाजी विद्यापीठात शिकणाऱ्या टांझानियाच्या मुलाला त्यांनी वरची खोली भाड्यानं दिली, करार तोंडी, आणि सेफ्टी म्हणून त्याचा पासपोर्ट स्वतःच्या कपाटात ठेवलाय. आता पोलीस विचारतायत फॉर्म सी (परदेशी माणूस राहायला आल्याचं जागा देणाऱ्यानं सरकारला कळवायचा फॉर्म) कुठाय, गल्लीतले म्हणतायत हाकला त्याला, आणि पोराचा व्हिसा महिन्याभरात संपतोय. काका म्हणतात, एअरपोर्टवर सरकारनं तपासून आत सोडलंय, मग ही जबाबदारी माझ्या डोक्यावर का?

काका, आधी उठा आणि पासपोर्ट त्याच्या हातात द्या. तो त्याच्या देशाच्या सरकारचा असतो, घरमालकाला ठेवून घ्यायचा काडीचाही अधिकार नाही. झेरॉक्स घ्या, तेवढी बास.

आता तुमचा मुद्दा, आणि तो अर्धा खरा आहे. कुणाला देशात घ्यायचं, कुणाला व्हिसा द्यायचा, कुणाला परत पाठवायचं हे सगळं केंद्राचं काम, घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीत १७ आणि १९ नंबरला तसं लिहिलंय, महाराष्ट्र सरकारसुद्धा स्वतःचं वेगळं धोरण करू शकत नाही. मुंबईला शिक्का मारणारा इमिग्रेशनवालाही केंद्रीय गृह खात्याच्याच हाताखालचा. पण शिक्का मारून आत आलेला माणूस पुढं कोल्हापुरात कुठल्या गल्लीत राहतोय हे दिल्लीला कळणार कसं? म्हणून कायद्यानं कामं वाटून दिलीत, विद्यापीठानं त्याच्या ॲडमिशनचं कळवायचं, जागा देणाऱ्यानं तो राहायला आल्यापासून २४ तासांत कळवायचं, आणि जिल्ह्यात नोंद बघायची एसपींनी. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट लागू झाला, १९४६ चा जुना कायदा गेला, पण तुमची ही जबाबदारी गेली नाही. फक्त हॉटेल-लॉजला नाही, घरात एक खोली देणाऱ्यालाही ती आहे.

खरी अडचण तुमच्या दंडाची नाहीच, पोराची आहे. व्हिसा वाढवायचा अर्ज ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर करावा लागतो आणि तिथं पासपोर्ट, विद्यापीठाचं बोनाफाईड आणि राहण्याचा पुरावा लागतो, म्हणजे रजिस्टर करार नाहीतर तुमचा फॉर्म सी. पासपोर्ट तुमच्या कपाटात, करार तोंडी, फॉर्म भरलेला नाही, मग त्यानं अर्ज करायचा कसा सांगा! मुदत संपून तो तसाच राहिला तर नव्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिकायला आलेलं पोर, त्याची कसलीही चूक नसताना.

म्हणून करार याच आठवड्यात रजिस्टर करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ते काम मालकाचं आहे, नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच खरं धरतात, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. फॉर्म सी साठी पोर्टलवर मालक म्हणून लॉगिन काढावं लागतं, पासपोर्ट नंबर, व्हिसा नंबर, भारतात आल्याची तारीख, फोटो एवढं लागतं. पोराला बसवूनच भरा, स्पेलिंग चुकलं की परत तोच व्याप. आणि तो आल्याची तारीख खरी तीच टाका, उशीर लपवायला पुढची टाकलीत तर साध्या चुकीचं खोट्या माहितीत रूपांतर होईल.

गल्लीतल्यांचं ऐकू नका. कागद तपासायचा अधिकार पोलिसांचा, शेजाऱ्यांचा नाही. आणि लाईट-पाणी तोडून बाहेर काढायचा विचार तर मनातही आणू नका, भाडे नियंत्रण कायद्याच्याच कलम २९ मध्ये तो गुन्हा आहे. कुणी धमकावत असेल तर पोराला घेऊन पोलिसांत जावा, जीविताचं संरक्षण घटनेच्या कलम २१ नं परदेशी माणसालाही दिलंय.

पोलिसांना तोंडी सांगत बसू नका. फॉर्म भरला की त्याची प्रिंट, कराराची प्रत आणि उशीर का झाला याचं दोन ओळींचं पत्र घेऊन एसपी ऑफिसला जावा, परदेशी नागरिकांची नोंद जिथं होते तिथं द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. समन्स आलं तर मात्र एकटे जाऊ नका, वकील घेऊनच जावा.