शिसेविरहित सोल्डरिंग : वाचकांच्या शंका

प्रश्न : आमच्या वेव्ह मशीनच्या (वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून बोर्ड नेणारे यंत्र) पॉटमध्ये ६३/३७ सोल्डर (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसे) आहे. निर्यातीच्या ऑर्डरसाठी कथील-तांबे मिश्रधातू वापरायचा आहे. पॉट रिकामा करून नवा माल भरला तर चालेल का? (भोसरी)

उत्तर : नुसता रिकामा करून चालणार नाही. युरोपच्या रोहस निर्देशात, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वस्तूंतील घातक पदार्थांवरच्या निर्बंधात (१ जुलै २००६ पासून लागू) शिशाची मर्यादा वजनाच्या ०.१ टक्के आहे. आपल्या ई-कचरा नियमांतही तीच. ही मर्यादा अख्ख्या बोर्डाला नाही, प्रत्यक्ष सोल्डरला लागते. २५० किलोच्या पॉटमध्ये म्हणजे जेमतेम २५० ग्रॅम शिसे चालते. पंप-नोझलला एक किलो जुना सोल्डर चिकटून राहिला, तर त्यातच ३७० ग्रॅम निघेल! म्हणून पंप आणि नोझल खोलून साफ करा, शुद्ध कथील वितळवून पंप फिरवा, ते काढून टाका, मगच नवा माल भरा आणि नमुना प्रयोगशाळेतून तपासून घ्या.

त्याहीआधी पॉट कशाचा आहे ते पाहा. गरम कथील साध्या स्टेनलेस स्टीलला खाते आणि पहिला बळी सहसा इम्पेलरचा (पंपाच्या फिरत्या पात्यांचा) जातो. टायटॅनियम किंवा ओतीव लोखंड टिकते. तापमान २६० ते २७० अंश सेल्सिअस ठेवावे लागते.

पुढची डोकेदुखी तांब्याची. बोर्डांवरचे तांबे पॉटमध्ये विरघळत जाते. सुरुवातीचे ०.७ टक्के वाढून १ टक्क्याकडे गेले, की सोल्डर जड वाहतो, सुयांसारखे स्फटिक धरतात आणि पिनांमध्ये ब्रिज (सोल्डरचे नको असलेले जोड) होतात. शिशाच्या पॉटमध्ये हे स्फटिक वर तरंगत आणि झाऱ्याने काढता येत. शिसेविरहित सोल्डर हलका असल्याने ते तळाशी बसतात. त्यामुळे भर घालताना तांबे नसलेला माल घाला आणि नमुने नियमित तपासा.

प्रश्न : नवे जॉइंट मळकट, खरबरीत दिसतात. क्यूसी (गुणवत्ता तपासणी विभाग) ते ड्राय सोल्डर (नीट न धरलेले जॉइंट) समजून बाद करतो. (नाशिक)

उत्तर : शिसेविरहित एसएसी ३०५ सोल्डर (९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी, ०.५ टक्के तांबे) थंड होताना तसाच दिसतो. चकाकी पाहू नका. सोल्डर पॅडवर (बोर्डावरच्या तांब्याच्या ठिपक्यावर) आणि पिनेवर पसरला आहे का, कडा निमुळत्या झाल्या आहेत का ते पाहा. गोळा होऊन कडेला उभा राहिला असेल तरच बाद करा. उगाच पुन्हा तापवलेला जॉइंट पॅड उखडायचीच शक्यता वाढवतो.

प्रश्न : जुन्या ६०/४० (कथील-शिसे) तारेने नवे बोर्ड दुरुस्त करू का? (सांगली)

उत्तर : दोन-चार पिनांचा जॉइंट बहुधा चालू राहील, पण बोर्ड रोहसमध्ये राहणार नाही. बिस्मथ असलेल्या सोल्डरवर मात्र शिशाची तार कधीच लावू नका. कथील, शिसे आणि बिस्मथ मिळून ९६ अंशांनाच वितळणारा भाग तयार होतो आणि गरम होणाऱ्या बोर्डात जॉइंट सुटतो. बीजीएमध्येही (खालच्या बाजूला सोल्डरचे गोळे असलेली चिप) गफलत होते : शिशाची पेस्ट १८३ अंशांना वितळते, एसएसीचे गोळे २१७ नंतर. शिशाच्या जुन्या प्रोफाइलवर (तापवण्याच्या ठरलेल्या क्रमावर), २१० च्या आसपास तापवले तर गोळे वितळतच नाहीत.

प्रश्न : सोल्डरिंग आयर्नची बिट (टोक) लवकर का झिजते? (कोल्हापूर)

उत्तर : जास्त कथील आणि जास्त उष्णता बिटवरचा लोखंडी थर खातात. ३५० अंशांवर काम होत असेल तर ४०० करू नका. जाड पॅडसाठी तापमान वाढवण्याऐवजी रुंद बिट घ्या. काम थांबवताना बिटवर सोल्डरचा थर ठेवा आणि आयर्न बंद करा.