जाहिरातीतली किंमत गोव्यातली, पत्ता सिंधुदुर्गातला

प्रश्न : मी सिंधुदुर्ग जिल्ह्यात राहतो. गोव्यातल्या एका डीलरची जाहिरात मोबाइलवर पाहिली. ‘८ लाख ४९ हजारांपासून, ७० हजारांपर्यंत फायदे’ असं मोठ्या अक्षरात होतं. इथल्या शोरूमच्या कोटेशनपेक्षा हे बरंच स्वस्त वाटलं, म्हणून २१ हजार भरून बुकिंग केलं. आता ते म्हणतात, ती किंमत सगळ्यात खालच्या मॉडेलची होती आणि ते मॉडेल सध्या येतच नाही. एक्स्चेंज बोनस आणि कॉर्पोरेट सवलत मला लागू नाही. उरलेली सवलतही महाराष्ट्राचा पत्ता असेल तर मिळणार नाही. सेल्समन सुचवतो की मडगावात नावापुरता भाडेकरार करा, गाडीचं पासिंग गोव्यातच होईल आणि करही वाचेल. मी नको म्हटल्यावर बुकिंगची रक्कम परत मिळणार नाही असं उत्तर आलं. जाहिरातीतल्या किमतीला गाडी मागता येईल का? तक्रारीसाठी गोव्याला खेपा घालाव्या लागतील का?

उत्तर : भाडेकराराचं आधी सांगतो, कारण खरा धोका तिथे आहे. तो करार अजिबात करू नका. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ४० सांगतं की मालक जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो आणि गाडी जिथे एरवी ठेवली जाते, त्या राज्यात तिची नोंदणी करायची. २०१९ च्या दुरुस्तीने त्या राज्यातलं कुठलंही आरटीओ निवडायची मोकळीक मिळाली. राज्य निवडायची मिळालेली नाही. खोट्या कागदपत्रांवर मिळवलेली नोंदणी कलम ५५(५) खाली रद्द होऊ शकते, आणि कलम १९२-ब मध्ये अशा मालकाला कैद आणि दंड दोन्हींची तरतूद आहे. ‘दुसऱ्या राज्यात बारा महिने चालतं की’ असं तुम्हाला कोणीतरी ऐकवेल. कलम ४७ मधली ती मुदत एका राज्यात रीतसर नोंदलेली गाडी पुढे दुसऱ्या राज्यात न्यावी लागली तर आहे, पहिल्या दिवसापासून खोटा पत्ता देणाऱ्यासाठी नाही. पुढे अपघात झाला तर विमा कंपनीलाही वाद घालायला आयतं कारण मिळेल. सेल्समनचं नाव त्या करारावर कुठेही नसेल, सही तुमची असेल.

मात्र गोव्यात गाडी विकत घेऊन ती महाराष्ट्रात नोंदवणं पूर्ण कायदेशीर आहे, हे लक्षात ठेवा. डीलर तात्पुरती नोंदणी करून देतो. मग फॉर्म २१ (विक्री प्रमाणपत्र), फॉर्म २२ (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचं कंपनीचं प्रमाणपत्र), विमा आणि फॉर्म २० (नोंदणीचा अर्ज) घेऊन तुम्ही आपल्या आरटीओत जाता, कर भरता आणि एमएच क्रमांक घेता. कर्ज असेल तर बँकेच्या बोजाची नोंद त्याच वेळी होते. राज्याबाहेरचा डीलर हे काम तुमच्यासाठी करत नाही, एवढाच काय तो त्रास.

पण कर महाराष्ट्राचाच भरायचा म्हटल्यावर वाचतं किती, ते पुन्हा मोजा. आपल्याकडे खासगी पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि दहा ते वीस लाखांना १२ टक्के एकरकमी वाहनकर आहे, डिझेलला त्याहून जास्त. जीएसटी १ जुलै २०१७ पासून देशभर एकच आहे. बिल गोव्यातलं असलं आणि त्यावर तुमचा महाराष्ट्राचा पत्ता असला, तर तो आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा जीएसटी, म्हणून लागेल. एकूण दर तोच. म्हणजे दोन राज्यांतला खरा फरक उरतो तो कंपनीने त्या भागासाठी ठरवलेली एक्स-शोरूम (म्हणजे वाहनकर आणि विमा धरण्याआधीची) किंमत, वाहतूक, डीलरने आपल्या नफ्यातून सोडलेले पैसे आणि त्याच्याकडे पडून असलेला माल यांत. या शेवटच्या गोष्टीकडे नीट पाहा. फॉर्म २१ वर गाडी कोणत्या महिन्यात आणि कोणत्या वर्षी तयार झाली ते लिहिलेलं असतं. भरघोस सवलतीची गाडी बऱ्याचदा मागच्या वर्षीची निघते. ती घेण्यात गैर काही नाही, पण हे आधी कळलं पाहिजे. पुढे विकताना भाव त्या वर्षावर ठरतो.

दोन्ही शोरूमकडून ऑन-रोड, म्हणजे कर, विमा सगळं धरून होणारी किंमत एकेका ओळीत फोडून लेखी मागा. हँडलिंग किंवा लॉजिस्टिक्स चार्जेस अशी ओळ दिसली तर ती कोणत्या सरकारी पावतीवर आहे ते विचारा. आरटीओची फी आणि कर यांची पावती मिळते, या आकाराची अशी पावती नसते. तो डीलरचा स्वतःचा आकार आहे आणि तुम्ही तो नाकारू शकता. विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती चालत नाही. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा बंधनकारक आहे, पण तो कुठल्या कंपनीचा घ्यायचा हे तुम्ही ठरवायचं. गाडी दहा लाखांच्या वर असेल तर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने तुमच्याकडून घेऊन सरकारकडे भरायचा आयकर, लागतो. तो आयकर विवरणपत्रात वळता होतो, म्हणून तुलनेत खर्च म्हणून धरू नका.

आता जाहिरात. करार कायद्याच्या दृष्टीने जाहिरात हा साधारणपणे प्रस्ताव नसतो, प्रस्ताव मांडायचं ते आमंत्रण असतं. त्यामुळे ८ लाख ४९ हजारांत गाडी द्याच, असा आदेश मिळणं कठीण आहे आणि त्या मागणीवर वेळ घालवू नका असंच मी सांगेन. पण म्हणून डीलर सुटत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणारी जाहिरात ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये जाहिरातींबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत आमिषाच्या जाहिरातीवर वेगळी अट आहे : जाहीर केलेल्या किमतीला तो माल विकण्याची वाजवी शक्यता असल्याशिवाय ग्राहकाला ओढायचं नाही, आणि पुरेसा साठा हवा. ‘ते मॉडेल येतच नाही’ हे डीलरने तुम्हाला सांगितलेलं वाक्य म्हणूनच फार मोलाचं आहे. ते फोनवर सांगितलं असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा विचारा आणि उत्तर लेखी येऊ द्या.

किमतीवर फुली (*) मारून खाली छापलेल्या बारीक ओळीचंही तेच. ‘अटी लागू’ लिहिलं की सगळं माफ, असा समज शोरूमवाल्यांमध्ये पक्का बसलेला आहे. त्याच सूचनांप्रमाणे खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत हवा, अक्षरांचा फॉन्टही तोच हवा, आणि त्याने मुख्य दावा खोडून काढता कामा नये. ‘७० हजारांपर्यंत’ या आकड्यात एक्स्चेंज, लॉयल्टी आणि कॉर्पोरेट अशा तीन वेगवेगळ्या गिऱ्हाइकांच्या सवलतींची बेरीज असेल, तर ती सगळी एका माणसाच्या पदरात क्वचितच पडते. हे लपवलं असेल तर तक्रारीत हा मुद्दा स्वतंत्र परिच्छेदात मांडा.

महाराष्ट्राचा पत्ता म्हणून सवलत नाही, यामागे कधी कधी कंपनीने डीलरला आखून दिलेली हद्द असते. स्पर्धा कायद्याच्या कलम ३(४) खाली असे निर्बंध तपासता येतात. ऑगस्ट २०२१ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने डीलरच्या सवलतींवर बंधनं घातल्याबद्दल मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड केला होता. कंपनी अपिलात गेली आणि अपील न्यायाधिकरणाने त्याला स्थगिती दिली. एकट्या ग्राहकाने या वाटेला जाणं मला व्यवहार्य वाटत नाही. पण सवलत नाकारण्याचं कारण डीलरकडून लेखी घ्या, ग्राहक आयोगापुढे ते उपयोगी पडेल.

बुकिंगचे २१ हजार परत मिळायला हवेत. पैसे भरले ते चुकीच्या चित्रावर विश्वास ठेवून. करार कायद्याच्या कलम १९ नुसार असा करार तुम्ही रद्द करू शकता. फॉर्मवर ‘रक्कम परत मिळणार नाही’ असं छापलेलं असलं, तरी कलम ७४ खाली डीलरला मिळू शकते ती वाजवी भरपाई, आणि तुमच्यासाठी गाडी मागवलीच नसेल तर नुकसान कसलं, हे त्याला सांगावं लागेल.

गोव्याला खेपा घालायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे सिंधुदुर्गातच. या कायद्यात फी ठरते ती तुम्ही दिलेल्या मोबदल्यावर, आणि पाच लाखांपर्यंत ती शून्य आहे. मुदत दोन वर्षं. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते.

त्याआधी पुरावा जपा, कारण अशा जाहिराती आठवड्यात गायब होतात. पान संपूर्ण दिसेल, फुलीखालची ओळ आणि तारीख येईल असे स्क्रीनशॉट घ्या. स्क्रीन रेकॉर्डिंग आणखी बरं. मूळ फोन बदलू किंवा रिसेट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र तक्रारीबरोबर जोडा. आयोग पुराव्याच्या नियमांना काटेकोर बांधलेला नसला तरी समोरच्या वकिलाला हरकत घ्यायला जागा ठेवू नये.

पहिलं पाऊल म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. अनेक डीलर तिथेच पैसे परत करतात. त्याच दिवशी स्पीड पोस्टाने आणि ईमेलने डीलरला नोटीस पाठवा, प्रत कंपनीच्या ग्राहक विभागाला. बुकिंग रद्द करत आहे, पंधरा दिवसांत पूर्ण रक्कम द्या, नाहीतर व्याज, भरपाई आणि खर्चासह आयोगाकडे जाईन, एवढं पुरे. नोटिशीत भाडेकराराच्या सल्ल्याचा उल्लेख तारखेसह जरूर करा. जाहिरातीची वेगळी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा थेट केंद्रीय प्राधिकरणाकडे करता येते. त्यातून तुमच्या खिशात काही येणार नाही, पण जाहिरात बंद करायचा आणि दंड करायचा अधिकार त्यांच्याकडे आहे, आणि तुमच्यासारखे किती जण त्या ८ लाख ४९ हजारांना भुलून पैसे भरत असतील याचा विचार केला तर ती करावीच असं मला मनापासून वाटतं.