बँकॉकला यायचं ठरवते आहेस, तर हे वाच

तुझे तीन प्रश्न होते. नाशिकची नोकरी सोडून बँकॉकच्या हॉटेलात भारतीय लग्नांचं काम बघायला येऊ का? थायलंडमध्ये ट्रान्स बायकांना सगळं चालतं म्हणतात, ते खरं का? आणि कागदपत्रांचं काय करू? मी मूळची जयसिंगपूरची, तुझ्यासारखीच ट्रान्स स्त्री. बरीच वर्षं इथे बँकॉकच्या सिलोम भागात रत्नांच्या कंपनीत निर्यातीचं काम बघते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देते: ये. बाकीच्या दोन्हींना जरा वेळ लागेल.

इथे पहिल्याच आठवड्यात तुझ्या लक्षात येईल की लोकलमध्ये अंगावर खिळतात तशा नजरा इथे नाहीत. मॉलमध्ये मेकअपच्या काउंटरवर, औषधाच्या दुकानात, सेव्हन-इलेव्हनच्या गल्ल्यावर युनिफॉर्म घातलेल्या, छातीवर नावाची पट्टी लावलेल्या ट्रान्स बायका दिसतील. गिऱ्हाईक पैसे देतं, पिशवी घेतं, जातं. आपल्याकडे अजूनही बहुतेकांना तृतीयपंथी भेटते ती सिग्नलला किंवा बारशाला. नोकरीवर, पगारावर, रोज त्याच खुर्चीत बसलेली आपल्यासारखी बाई बघून मला केवढा धीर आला होता, ते अजून आठवतं.

ही ओळख इथे जुनी आहे. 'कथोई' हा आपल्यासारख्यांसाठीचा थाई शब्द तू ऐकशीलच, पण तू स्वतः तो दुसरीला लगेच वापरू नकोस. कोण म्हणतं आणि कशा सुरात म्हणतं यावर त्याचा मान-अपमान ठरतो. उत्तरेकडे चियांगमाईच्या बाजूला अंगात देव येणाऱ्यांमध्ये बायकांबरोबर कथोईही पुष्कळ असतात. लोक त्यांच्याकडे अडचणी घेऊन जातात, कौल मागतात. मी लहानपणी यल्लम्माचे जोगते बघितलेत. डोक्यावर देवीचा जग, म्हणजे टोपलीतला देवीचा मुखवटा, साडी नेसलेली, सोबत चौंडकं, आणि एरवी टिंगल करणारी माणसंसुद्धा त्यांच्या पाया पडायची. त्यामुळे हे मला परकं वाटलं नाही. फरक आहे तो जगण्याच्या घडणीत. आपल्याकडे घर सुटलं की गुरू, चेल्या, घराणं, जमातपंचायत असं एक दुसरं घर मिळतं आणि त्याचे नियमही गळ्यात पडतात. इथे तसं घराणं नाही. बहुतेक मुली आईवडिलांच्याच घरात वाढतात, तिथूनच कॉलेजला जातात, पहिला पगार आईच्या हातात देतात.

पण त्या घरातही एक सल असतोच. मुलाने काही काळ भिक्खू होऊन आईला पुण्य मिळवून द्यावं, अशी इथली रीत. स्तन असलेल्या कथोईला ती दीक्षा मिळत नाही, म्हणून काही जणी शस्त्रक्रियेच्या आधी मुंडण करून विहारात राहून येतात, आईसाठी. शिवाय मागच्या जन्मीच्या कर्मामुळे असा जन्म मिळतो, ही समजूत अनेकांच्या मनात आहे. त्यातून दया येते, सहज स्वीकारही येतो, पण बरोबरीची वागणूक येतेच असं नाही. सौंदर्यस्पर्धा, नाचगाण्याचे शो, सलून, विनोदी भूमिका यांत वाव भरपूर. पट्टायातला टिफनीज शो 1974 पासून चालू आहे आणि मिस इंटरनॅशनल क्वीन ही ट्रान्स स्त्रियांची स्पर्धा 2004 पासून तिथेच भरते. बँकेत किंवा सरकारी कचेरीत वरच्या जागा मिळणं मात्र अजून कठीणच.

आता कायदा. थाई ट्रान्स स्त्रीला ओळखपत्रावरची लिंगनोंद बदलता येत नाही. नाव बदलता येतं, पण त्याआधीचं 'नाय', म्हणजे श्री, तसंच राहतं, शस्त्रक्रिया झाली असली तरी. माझ्या एका सहकारी मैत्रिणीबरोबर मी दवाखान्यात गेले होते. लांब केस, फुलांचा ड्रेस, शेजारच्या बाईशी तिच्या नातवाबद्दल गप्पा चाललेल्या. नर्सने माइकवरून 'नाय' लावून तिचं नाव पुकारलं आणि बाकावरची सगळी डोकी वर झाली. ती उठली, पर्स खांद्याला लावली आणि सरळ आत गेली. असं दर वेळी होतं, म्हणाली.

तशीच एप्रिलमधली लष्करभरती. कागदावर पुरुष असलेल्यांना साधारणपणे 21व्या वर्षी हजर व्हावं लागतं, मग चिठ्ठी काढायची: लाल आली तर सैन्यात, काळी आली तर घरी. ट्रान्स मुलींनाही त्या रांगेत बसावं लागतं. शरीरात बदल झालेले असले की तपासणी करून सोडतात, पण पूर्वी त्यांच्या दाखल्यावर 'कायमचा मानसिक विकार' असं लिहायचे आणि तो दाखला नोकरी मागताना दाखवावा लागायचा. 2011 मध्ये प्रशासकीय न्यायालयाने ते लिहिणं बंद करायला लावलं. त्यासाठी एक ट्रान्स स्त्री लष्कराविरुद्ध कोर्टात गेली होती.

2015 मध्ये लिंगभेदाविरुद्ध कायदा आला. 23 जानेवारी 2025 पासून कुठल्याही दोन प्रौढ व्यक्तींना लग्न करता येतं. त्या दिवशी बँकॉकमध्ये नोंदणीला रांगा लागल्या होत्या, आणि समलिंगी लग्नाला मान्यता न देणाऱ्या आपल्याकडच्या 2023च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची आठवण होऊन मला भरून आलं. पण लिंगनोंद बदलू देणारं विधेयक 2024च्या फेब्रुवारीत संसदेने फेटाळलं. म्हणजे इथली ट्रान्स स्त्री पुरुषाशी रीतसर लग्न करू शकते, पण त्या कागदावर तिचं नाव 'श्री' लावूनच येतं. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या 2014च्या 'नालसा' निकालाने स्वतःची ओळख स्वतः सांगायचा हक्क मान्य केला, लग्नाचा प्रश्न मात्र समलिंगी जोडप्यांसाठी तसाच राहिला. दोन्ही देशांनी अर्धं अर्धं दिलंय, आणि अर्धी निराळी आहेत.

तू परदेशी, त्यामुळे तुझा आधार तुझा पासपोर्ट. वर्क परमिटवर त्यातलंच सगळं उतरतं. म्हणून निघण्याआधी भारतातलं काम पुरं कर, इथून ते फार जड जातं. 2020च्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकारी देतो त्या ट्रान्सजेंडर ओळखपत्रासाठी त्या जिल्ह्यात सलग 12 महिने राहत असावं लागतं. इकडे आलीस की ती अटच हातून जाईल. त्यानंतर राजपत्रात नावबदल, मग आधार, पॅन, पासपोर्ट. आणि पदवी विसरू नकोस. वर्क परमिटला सहसा पदवी मागतात, तिच्यावर जुनं नाव असेल तर विद्यापीठाकडून नवीन नावाची घे, निदान राजपत्राची प्रत आणि तिचं प्रमाणित भाषांतर जवळ ठेव. नियम बदलत असतात, म्हणून अर्जाच्या दिवशीचे तपासून घे.

कामाबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण हॉटेलवाले सांगणार नाहीत. थाई सहकाऱ्यांचा तुला त्रास होणार नाही. तुझे पाहुणे दिल्ली-मुंबई-पुण्याचे असतील. हळदीच्या मांडवात तू हातात वॉकीटॉकी घेऊन उभी असशील आणि कोणीतरी मावशी पर्स उघडून तुझ्या हातात आशीर्वादाची नोट ठेवेल. कोणी फोटो काढेल, कोणी व्यवस्थापकाकडे दुसऱ्या कुणाला पाठवा म्हणून निरोप देईल. इथल्या मराठी घरांतही सुरुवातीला तसंच होतं: गणपतीला बोलावतात, पण पोरं जवळ आली की हळूच आत नेतात. काही घरं मात्र मनापासून जोडली गेली, आता त्यांच्याकडची पुरणपोळी माझ्यासाठी वेगळी काढून ठेवलेली असते.

औषधांचं म्हणशील तर हार्मोन्स दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतात, आणि त्यातच धोका आहे. मैत्रिणी एकमेकींच्या मात्रा विचारून घेतात. तू तसं करू नकोस, यकृताची आणि हार्मोनची पातळी तपासत राहा. बँकॉकमधलं टॅन्जरिन क्लिनिक 2015 पासून ट्रान्स लोकांसाठी आहे, तिथे तुला तुझी गोष्ट पहिल्यापासून समजावत बसावं लागणार नाही. शस्त्रक्रियेचा विचार असेल तर दोन मानसोपचारतज्ज्ञांचं मत लागतं, आणि विमा सहसा तो खर्च देत नाही.

हॉटेलला होकार कळवण्याआधी दोन गोष्टी ईमेलवर लिहून घे: पाहुण्यांनी तक्रार केली म्हणून तुला त्या लग्नावरून हटवणार नाहीत, आणि बायकांच्या चेंजिंग रूममध्ये तुला लॉकर मिळेल. तोंडी हो म्हणाले तर पुन्हा मेल टाक.