पहिल्यांदा बालवाडीत पाठवताना

ताई, धाकधूक होणारच, पण लेक रुळेल. सध्या एवढंच सांभाळ:

- न सांगता सटकू नकोस. बहुतेक आईबाबा इथेच चुकतात. ती खेळात रमली म्हणून गुपचूप निघालीस, तर दुसऱ्या दिवशी तुझी ओढणी सोडणार नाही. पापी घे, "खाऊ खाऊन गाणी झाली की आई येते" सांग आणि लगेच निघ. तीन वर्षांच्या मुलीला साडेबारा कळत नाहीत, खाऊची सुट्टी कळते. आणि सांगितलंस तर वेळेवर हजर राहा.
- डबा तिला स्वतः उघडता येईल असाच घे.
- "रडलीस तर बाई रागावतील" असं घरात कुणीही म्हणायचं नाही, आजीनेसुद्धा.

रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी पुन्हा रडेल. तेव्हा घरी ठेवून घेऊ नकोस.