वाचकांचे प्रश्न: मॅचवर लावून घर चालेल का?

या वेळी एकाच विषयावरची चार पत्रं आली, म्हणून आख्खं सदर त्यालाच दिलंय. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न: सर, मी २६ वर्षांचा आहे, अमरावतीला एका कंपनीत सेल्समध्ये आहे, हातात १९ हजार येतात. आयपीएलच्या सीझनमध्ये ६० मॅचवर लावले, दर मॅचला ५ हजार, ९० पैशाच्या आसपास भाव असेल तरच लावतो. ३५ जिंकलो, ३२,५०० प्लसमध्ये आहे, म्हणजे दोन महिन्यांत जवळपास पगाराइतकेच वरून आले. उगाच आवडत्या टीमवर लावत नाही, पिच, टॉस, दव सगळं बघतो, वहीत लिहून ठेवतो. आता वाटतंय नोकरी सोडून फुल टाइम हेच करावं, वर्षभर कुठली ना कुठली लीग चालूच असते. बाहेरच्या देशांत लोक यावरच जगतात असं ऐकलंय. घरी अजून सांगितलं नाहीये. होऊ शकतं का, स्पष्ट सांगा.

उत्तर: नोकरी सोडू नकोस, आणि हे लावणंही बंद कर. पण तू वही ठेवतोस, आकडे दिलेत, तर मी पण आकड्यांतच बोलतो, नुसतं जुगार वाईट म्हटलं तर तुला पटणार नाही हे मला कळतं.

आधी भाव बघू. बरोबरीची मॅच आहे, दोन्हीकडे ९० पैसे, म्हणजे हजार लावले तर जिंकल्यावर ९०० येणार आणि हरल्यावर हजार जाणार. कुणी डोळे मिटून १०० मॅच लावल्या आणि ५० लागल्या तर आले ४५ हजार, गेले ५० हजार, म्हणजे लाखाच्या उलाढालीवर ५ हजार बुकीचे झाले, मॅच कुणीही जिंको. नुसतं बरोबरीत राहायला तुला शंभरातल्या ५३ याव्या लागतात. तुझ्या ६० पैकी ३५ आल्या. पण ६० मॅच नाणं उडवून लावणारे शंभर जण घेतले ना, तर त्यातले साधारण बारा जण ३५ किंवा त्याहून जास्त जिंकतात, काहीही अभ्यास न करता. तू त्या बारांमधला आहेस की तुला खरंच जास्त कळतं, हे ६० मॅचवरून सांगताच येत नाही. आणि बाकीचे अठ्ठ्याऐंशी जण काही स्टेटस टाकत नाहीत, त्यामुळे आजूबाजूला बघावं तो जिंकतोयच असं वाटत राहतं.

बरं, धरून चालू की तुला खरंच कळतं आणि तू कायम १०० पैकी ५४ बरोबर काढतोस. हे फार म्हणजे फारच चांगलं झालं. तरी हजाराने लावलं तर शंभर मॅचमागे ४८,६०० आले, ४६,००० गेले, हातात राहिले २,६००. महिन्याला चाळीस हजार हवेत तर १५ लाखांची उलाढाल हवी, म्हणजे १० हजाराचे दीडशे सौदे, रोजचे पाच. रोज पाच मॅच अशा कुठून आणणार जिथे तुला भाव लावणाऱ्यापेक्षा जास्त कळतं? मग आयपीएल संपल्यावर पैसे हवेत म्हणून माणूस कॅरेबियन लीग, रात्री दोनची कुठलीतरी फुटबॉल मॅच, टेबल टेनिस, काहीही लावायला लागतो आणि तिथे वहीतला अभ्यास काही कामाचा नसतो.

आणि एवढं जमवलं तरी हा ५४ वाला माणूस दीडशे सौद्यांच्या महिन्यात दर तीनातल्या एकाहून थोडा जास्तच वेळा तोट्यात जातो, गणितच तसं आहे. म्हणजे वर्षातले चारएक महिने घरात काही येणार नाही, उलट जाईल. सलग आठ हरणं वर्षातून एक-दोनदा होणारच, १० हजाराच्या हिशोबाने ८० हजार. भाडं, किराणा, गाडीचा हप्ता त्याही महिन्यात द्यायचाच असतो आणि तो त्याच भांडवलातून जातो. म्हणून ज्यांना खरंच येतं ते एका सौद्यात भांडवलाच्या एक-दोन टक्क्यांवर जात नाहीत, म्हणजे तुला ५ ते १० लाख नुसते बाजूला पडलेले हवेत. ते नसले की डबल करायची बुद्धी होते. ५०० पासून डबल करत गेलास तर आठ हरल्यावर १,२७,५०० गेलेले असतात, नववा सौदा १,२८,००० चा, आणि तो जिंकलास तरी ९० पैशाने १,१५,२००च येतात. जिंकूनसुद्धा तोट्यात!

बाहेरच्या देशांतलं तू ऐकलंस ते खोटं नाहीये. बिल बेंटर नावाचा अमेरिकन माणूस १९८० च्या दशकात हाँगकाँगला गेला, घोड्यांच्या शर्यतींसाठी कॉम्प्युटरवर मॉडेल बांधलं, सुरुवातीला तोटा खाल्ला आणि पुढे प्रचंड पैसा केला. इंग्लंडमधल्या ब्रायटन फुटबॉल क्लबचे टोनी ब्लूम आणि ब्रेंटफर्डचे मॅथ्यू बेनम दोघंही बेटिंगच्या धंद्यातूनच मोठे झाले. पण त्यांच्या मागे कंपन्या आहेत, गणितज्ञ आणि डेटावाले पगारावर ठेवलेत. तिथे नोकरी करणाऱ्याला दर महिन्याला पगार मिळतो, मॅच कुणीही जिंको. तुला या क्षेत्रातली स्थिर कमाई शोधायचीच असेल तर ती तिथे आहे.

आता जे मला सगळ्यात जास्त टोचतंय ते. तुझे ३२,५०० बँकेच्या खात्यात आलेत की नुसते आयडीवर, म्हणजे बेटिंग साइटवरच्या तुझ्या खात्यात, दिसतायत? पत्रात ते लिहिलेलं नाहीये. पगार थकला तर लेबर ऑफिसला जाता येतं, कोर्टात जाता येतं. पैजेचा करार मात्र १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० नुसार रद्दबातल आहे, जिंकलेले पैसे बुकीने दिले नाहीत तर दावाच लावता येत नाही. तुझ्याच विदर्भातलं उदाहरण बघ. २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने तक्रार दिली की बेटिंग ॲपवर आपली ५८ कोटींची फसवणूक झाली, मग पोलिसांनी गोंदियातल्या एका घरावर छापा टाकला आणि कोट्यवधींची रोकड आणि सोनं सापडलं. इतका पैसा असलेला माणूस फसतो, मग ५ हजारवाल्याने तक्रार कुणाकडे करायची?

आणि पैसे आले तरी ते कुणाच्या खात्यातून येतात ते बघ. दर वेळी वेगळं नाव, वेगळी बँक, बहुतेक भाड्याने घेतलेली खाती. त्यातल्या एखाद्या खात्यात सायबर फसवणुकीचे पैसे फिरलेले असले की तक्रार दुसऱ्या राज्यात होते आणि तुझं पगाराचं खातं इथे फ्रीझ होतं. मग ते सोडवायला कुठल्या कुठल्या पोलीस स्टेशनला मेल करत बसायचं.

कायद्याचंही सांगतो. महाराष्ट्रात १८८७ पासून जुगारबंदीचा कायदा आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षं आणि ५० लाखांपर्यंत. नुसत्या खेळणाऱ्याला या २०२५ च्या कायद्यात शिक्षा नाहीये. पण या नादात पोरं पुढे काय करतात मला माहितीये, स्वतः हरायला लागले की मित्रांना आयडी देतात आणि कमिशन घेतात, लगवाडी-खायवाडी, म्हणजे दुसऱ्यांचे सौदे घेणं-लावणं, सुरू होते. त्या दिवसापासून तू चालवणाऱ्यांच्या रांगेत आलास. हे अजिबात करू नको.

इन्कम टॅक्स राहिलाच. सट्ट्याच्या जिंकलेल्या रकमेवर सरळ ३० टक्के आणि वर सेस, पगाराला मिळते ती सुरुवातीची सूट इथे नाही, खर्च वजा नाही, आणि एका सौद्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. २.६ टक्के कमावणाऱ्याचं या हिशोबात काय उरेल ते तूच तुझ्या वहीत करून बघ. घरी मात्र आजच सांग.

प्रश्न: मी बर्मिंगहॅमला असतो. इथे बेटिंग कायदेशीर आहे, जिंकलेल्या पैशावर टॅक्स नाही. भारतातल्या अडचणी इथे लागू होत नाहीत. मग आयटीचं काम सोडून हे करायला काय हरकत आहे?

उत्तर: तुमचं म्हणणं खरं आहे, तिथे लायसन्स आहे, गॅम्बलिंग कमिशन आहे, पंटरकडून, म्हणजे लावणाऱ्याकडून, घेतली जाणारी ड्युटी २००१ मध्येच गेली. पण तुमच्याकडे अडचण वेगळी, तिथे जिंकणाऱ्याला दुकानातून बाहेर काढतात. टोकियो विद्यापीठातले लिसांद्रो काउनिट्झ आणि त्यांचे दोन सहकारी, त्यांनी २०१७ मध्ये एक पेपर टाकला. त्यांची पद्धत साधी होती, सगळ्या बुकमेकरांच्या भावांची सरासरी काढायची आणि एखादाच कुणी त्याहून बराच जास्त भाव देत असेल तिथे लावायचं. पाच महिने २६५ सौदे खरे पैसे घालून केले, परतावा साडेआठ टक्के. पुढे काय झालं? बुकमेकरांनी त्यांच्या खात्यांवर मर्यादा टाकल्या आणि प्रयोग थांबला. पाच महिन्यांची कमाई साधारण ९५७ डॉलर, तीन शिकलेल्या माणसांची!

हे बेकायदा नाहीये बरं का, कंपनीला तुमचा सौदा घ्यायची सक्ती नसते. वेलकम ऑफर वापरून जे मॅच्ड बेटिंग करतात, म्हणजे ऑफरच्या जोरावर एकाच मॅचच्या दोन्ही बाजूंना लावतात, त्यात पैसे सुटतात हे मान्य, पण ऑफर संपतात आणि खाती बंद पडत जातात, वर्षानुवर्षं चालणारी ती गोष्ट नव्हे. एक्स्चेंजवर, म्हणजे जिथे लोक एकमेकांविरुद्ध लावतात तिथे, जिंकणाऱ्याला सहसा काढत नाहीत, पण तिथे तुमच्यासमोर मी वर सांगितलेल्या कंपन्यांसारखे लोक बसलेत, आणि जिंकल्यावर कमिशन कापलं जातं. शिवाय घराचं कर्ज घ्यायला जाल तेव्हा बँक स्टेटमेंट बघते, पेन्शन कुणी भरणार नाही, आजारी पडलात तर रजा नाही. छंद म्हणून महिन्याला ठरावीक रक्कम, तेही हरली तरी चालेल अशी, यापलीकडे जाऊ नका. आणि ती मर्यादा पाळली जात नाहीये असं वाटलं तर गॅमस्टॉपवर नाव नोंदवा, तिथल्या सगळ्या लायसन्सवाल्या ऑनलाइन साइट एकदम बंद होतात.

प्रश्न: पुण्याच्या रेसकोर्सवर तर कायदेशीर आहे ना? रिटायरमेंटनंतर तिथे अभ्यास करून कमवता येईल का?

उत्तर: कायदेशीर आहे, १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने घोड्यांच्या शर्यतीत कौशल्य लागतं असंच म्हटलंय. पण टोटमध्ये सगळ्यांचे पैसे एकत्र होतात, आधी क्लबचा आणि सरकारचा वाटा कापला जातो आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतात, म्हणजे जमलेल्या लोकांना एकत्र धरलं तर रोज तोटाच. तुम्हाला त्या सगळ्यांपेक्षा नुसतं चांगलं असून भागत नाही, कापलेला वाटा भरून निघेल इतकं चांगलं असावं लागतं. शिवाय पुण्याचा सीझन पावसाळ्यातला, मुंबईचा हिवाळ्यातला, मधे काय? घोडे आवडत असतील तर जरूर जा, पण ग्रॅच्युइटी आणि पीएफ घरीच राहू द्या.

प्रश्न: माझ्या धाकट्या भावाने वर्षापूर्वी नोकरी सोडली, आम्हाला ट्रेडिंग करतो सांगायचा. आता कळलं की क्रिकेटवर लावत होता, चार लोन ॲपचं कर्ज आहे, आईची सोनसाखळी गेली. म्हणतो एवढं एकदा फेडा, पुन्हा नाही करणार. वडिलांची एफडी मोडायची का?

उत्तर: ताई, एफडी मोडून पैसे त्याच्या हातात देऊ नका. तो खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही, बोलताना त्याचं खरंच तसंच ठरलेलं असतं. पण हा जडलेला आजार आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचं व्यसन नोंदलेलं आहे, आणि हातात पैसे आले की आधी घालवलेलं भरून काढायचा विचार येतोच.

आधी त्याच्यासोबत बसून क्रेडिट रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा फुकट मिळतो, नोंद झालेली कर्जं त्यात दिसतील, चारच आहेत का तेही कळेल. बुकीची उधारी वेगळी लिहा, ती कोर्टातून वसूल होत नाही, आणि कुणी धमक्या देत असेल तर पोलिसांत लेखी तक्रार द्या, घाबरून सोनं विकू नका. लोन ॲपवाले फोटो पाठवून बदनामी करत असतील तर १९३० वर फोन करा आणि सायबर पोलिसांकडे जा. ज्यांच्या मागे खरी बँक किंवा एनबीएफसी (नोंदणी असलेली फायनान्स कंपनी) आहे त्यांना वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, ते त्यांना सांगा आणि हप्ते पाडून घ्या. हप्ता तुम्ही थेट त्या संस्थेला भरा. त्याचं यूपीआय काही महिने बंद ठेवा, पगार सुरू झाला की तो आईच्या खात्यात जाऊ द्या, हे त्याला विचारून, त्याच्या मर्जीने.

त्याला आता कुठलीही नोकरी चालेल, कमी पगाराची चालेल. टोमणे मारू नका, नातेवाइकांत वाच्यता नको. तो जगण्यात अर्थ नाही असं काही बोलला तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी मानसोपचार डॉक्टरांकडे न्या. टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. तो फोन तुम्ही स्वतःसाठीही करू शकता, भाऊ तयार होईपर्यंत थांबायची गरज नाही.