पहिलीच गाडी जुनी माझदा एमएक्स-५? जरा थांब

दोन सीटची, उघडणाऱ्या छताची स्पोर्ट्स कार! आवड झकास आहे रे, पण गाडी बघायला जाण्याआधी विम्याचा भाव काढ. इथे इंग्लंडमध्ये १८-१९ वर्षांच्या पोराचा हप्ता कधी कधी गाडीच्या किमतीपुढे जातो. मग गाडीचा नंबर टाकून एमओटीचा, म्हणजे इथल्या वार्षिक गाडी-तपासणीचा, इतिहास ऑनलाइन फुकट वाच. गंजाची नोंद दरवर्षी दिसली तर सोडून दे.

रंगाला भुलू नकोस. मागच्या चाकापुढे, दाराखालचा पत्रा दाबून बघ. छताचं पाणी काढणारी भोकं पानांनी तुंबली की तो पत्रा आतून कुजतो. माझ्या पहिल्या गाडीत तिथे चक्क पुट्टी होती! खिशात लोहचुंबक असता तर तिथेच कळलं असतं, पुट्टीला तो चिकटत नाही.

इंजिनाचा जोर मागच्या चाकांना, ती घसरू शकतात, म्हणून ओल्या वळणावर ॲक्सिलरेटर हलका. आधी चांगले टायर घाल, इंजिनाचा जोर वाढवणाऱ्या टर्बोचं नंतर बोलू.